अनामिका आणि 42 वॅगन

मालधक्क्यावर अपघाताची चौकशी चार शब्दांत संपते. "बघून करायचं ना रे!" मुकादम एवढं म्हणतो आणि पंचनामा, साक्षीपुरावा, युक्तिवाद, निकाल, सगळं तिथल्या तिथं उरकतं. सरकारी समितीला सहा महिन्यांत जे जमत नाही ते आमचे अण्णा मुकादम तंबाखूची चिमूट ओठाआड जायच्या आत करतात. या वाक्याची खुबी अशी की दोष कुणाचा ते त्यात सांगून होतं, आणि तरीही कुणावर आरोप केल्यासारखं वाटत नाही. उलट मायेनं बोलल्यासारखं वाटतं. ज्याच्या पायावर थप्पी कोसळलेली असते तोसुद्धा मान हलवून "चुकलंच माझं" म्हणतो.

मी एका हुंडेकऱ्याकडे बावीस वर्षं हिशोब लिहितो आहे. हमाल मला भाऊसाहेब म्हणतात. हल्ली आमच्या धक्क्यापर्यंत 'सुरक्षितता', 'हक्क', 'नुकसानभरपाई' असले शब्द येऊन पोचले आहेत, आणि तरणी पोरं ते मोबाइलवर वाचून एकमेकांना दाखवतात. जुनं शहाणपण पुसलं जाण्याआधी कुणीतरी ते लिहून ठेवायला हवं. म्हणून हा खटाटोप.

आधी रॅक म्हणजे काय ते समजून घ्या. 42 वॅगनची साखरेची रॅक भरायची म्हणजे साधारण 2,600 टन माल. 50 किलोच्या पोत्यांनी भागलं तर 52,000 पोती. शंभर हमाल धरले तर एकेकाच्या वाट्याला 520 पोती, म्हणजे 26 टन. ट्रकमधून पाठीवर, पाठीवरून फळीवर, फळीवरून वॅगनमध्ये आणि आत थप्पी. यासाठी रेल्वे ठरावीक तास फुकट देते. ते संपले की डेमरेज चालू होतं, वॅगनमागे तासाला 150 रुपये. 42 वॅगनचे तासाला 6,300. तास पुरा भरावा लागतो असंही नाही. दहा मिनिटं वर गेली तरी तास धरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आमच्या शेठना रात्री दोन वाजता झोपेतून उठवून विचारलं तरी ते 6,300 सांगतील. टोळीतल्या कुणाचं पूर्ण नाव विचारलंत तर अडखळतील. माणसाच्या डोक्यात किती म्हणून मावणार?

रॅक रात्री लागली तर काम रात्रीच. धक्क्यावर दिव्याचे सात खांब आहेत, त्यांतले दोन पेटतात. उरलेल्या पाचांच्या खाली हमाल पायानं रस्ता ओळखतात. ही कला शहरातल्या माणसात राहिलेली नाही.

ओझ्याबद्दलही बाहेरचे लोक फार हळवे असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 साली सांगून ठेवलं की पुरुषानं हातानं उचलायचं ओझं 55 किलोच्या वर नसावं. आपल्याकडे साखरेचं पोतं त्यानंतरही कितीतरी वर्षं शंभर किलोचं होतं, आणि ते वाहणाऱ्या पाठी मिळतच होत्या. मग पोतं 50 किलोवर आलं. 2018 मध्ये युरियाची गोणी 50 वरून 45 किलोची झाली तेव्हा टोळीत आनंदीआनंद झाला. दिल्लीत कुणाला तरी आपल्या कमरेची आठवण झाली असं त्यांना वाटलं. मला खुलासा करावा लागला. शेतकरी युरिया किलोवर टाकत नाही, गोणीवर टाकतो. एकराला गोणी तेवढ्याच पडल्या तर युरिया आपोआप कमी पडेल, म्हणून गोणी लहान केली. काळजी जमिनीची होती. कमरेचे पाच किलो वाचले ते अनवधानानं, आणि त्याबद्दल सरकारला जबाबदार धरणं बरोबर होणार नाही.

आता फळी. धक्का आणि वॅगन यांच्यामधल्या फटीवर जी टाकतात ती. आमची फळी माझ्या नोकरीच्या आधीपासून आहे. मधोमध घासून घासून ती अशी गुळगुळीत झाली आहे की जुन्या देवळाच्या उंबऱ्याची आठवण यावी. पावसात तिच्यावरून पोत्यासकट माणूस घसरतो, पण रोज नाही. एका इंजिनिअर पोरानं सुचवलं होतं की लोखंडी, खाचांची, कडेला कठडा असलेली पाटी करून घ्या. शेठनी विचारलं, "या फळीनं आजवर आपलं काय वाईट केलंय?" याला उत्तर नव्हतं. फळीनं जे काही केलं होतं ते कुठं लिहिलेलंच नव्हतं.

आमच्याकडे सुरक्षेची साधनं नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. बारा हेल्मेट आहेत. ती कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीसकट ठेवलेली असतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतात. फोटो झाला की परत आत. इतक्या वर्षांत एकाही हेल्मेटवर ओरखडा उठलेला नाही. शिवाय डोक्यावर चुंबळ असताना हेल्मेट घालायचं कुठं, हे ती बनवणाऱ्यानं कधी विचारलंच नाही. रुळावर डोक्यावरून 25,000 व्होल्टची तार जाते. वॅगनच्या टपावर चढू नये अशी पाटीही आहे. पाटीवरची अक्षरं उन्हानं गेली, कवटीचं चित्र शिल्लक आहे. ज्याला जे समजायचं ते तो समजतो.

तर 2024 चा जून. साखरेची रॅक भरून झाली होती. शेवटच्या तीन वॅगनची दारं लावायची राहिली होती आणि फुकटच्या वेळेतली पंचवीस मिनिटं उरली होती. त्यातल्या एका वॅगनचं दार गंजलेलं होतं. असलं दार तिघांनी ढकलायचं आणि चौथ्यानं पहारीनं रेटायचं अशी आमची पद्धत आहे. दार बसलं. त्यात एका हमालाच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोटही बसलं, ते मुळापासून गेलं. माणूस बरोबर चाळीस वर्षांचा, पण टोळीत सगळे त्याला आबा म्हणतात. रॅक वेळेत सुटली, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचकाचा जीव उगाच टांगणीला लागायचा.

अण्णा म्हणाले, "बघून करायचं ना रे, आबा!" आबा हात गमछ्यात गुंडाळून खाली बसला आणि म्हणाला, "हो ना."

चौकशी संपली. पुढचं काम माझं. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कसं झालं? "मालधक्क्यावर, वॅगनच्या दारात" असं सांगितलं की कागदाला पाय फुटतात. तो पोलीस चौकीत जातो, तिथून आणखी कुठं कुठं जातो. म्हणून मी लिहायला लावलं, 'घरच्या दारात बोट सापडले'. यात खोटं असेल तर एका शब्दापुरतं. दार होतं, बोट होतं, सापडलंही होतं. आणि आबा महिन्यातले पंचवीस दिवस धक्क्यावरच जेवतो, धक्क्यावरच झोपतो. मग त्याला घर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

बिल 1,850 रुपये झालं. शेठनी मोठ्या मनानं ते उभ्या उभ्या भरलं आणि मी तितक्याच तत्परतेनं ते उचल म्हणून आबाच्या नावावर टाकलं. आठवड्याला 185 प्रमाणे दहा आठवड्यांत फिटलं. मी हिशोबाला पक्का माणूस आहे. कपात एका रुपयाची असली तरी तिची चिठ्ठी देतो. तारीख, तपशील, रक्कम, सही. हमालांनी मागितली नाही तरी देतो. गरिबाचा पैसा आहे, तिथं ढिलाई चालत नाही. पुढं कळलं की कामावर झालेल्या इजेच्या औषधपाण्याचा खरा खर्च मालकानंच द्यायचा, असं 2009 च्या दुरुस्तीनं कायद्यात घातलेलं आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी 'उचल' हा शब्द ऐकलेला नसावा.

हा कायदा म्हणजे 1923 चा, इंग्रजांच्या काळातला. गोऱ्या साहेबाला काम नव्हतं आणि आपल्याला त्याची सवय लागली. तरी त्यातल्या एका कलमाबद्दल माझ्या मनात आदर आहे. इजेमुळे काम बंद राहिलं तर पहिल्या तीन दिवसांचं काही मिळत नाही. (28 दिवस किंवा जास्त बंद राहिलं तर मिळतं, पण एवढे दिवस घरी बसायला घरी काहीतरी असावं लागतं.) आमचा हमाल सहसा चौथ्या दिवशी परत येतो. कायदा आणि चूल यांचं इतकं एकमत मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. त्यापुढं पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा मिळतो. पगार कितीही असो, कायदा 15,000 च्या वर धरत नाही, म्हणजे पंधरवड्याचे जास्तीत जास्त 3,750. आता तो लक्षात ठेवलेला आकडा काढा. माणूस पंधरा दिवस आडवा पडण्याची किंमत आणि तासाच्या दरानं रॅकच्या 36 मिनिटांची किंमत एकच आहे. शेठ कशाला आधी धावतील हे सांगायला ज्योतिषी नको.

पण खरी मौज जोडपत्रात आहे. कायद्याला एक दरपत्रक जोडलेलं आहे, ते मी देवस्थानातल्या पूजेच्या पाटीसारखं वाचतो. तिथं अभिषेकाचा दर वेगळा, महापूजेचा वेगळा. इथं अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. पूर्ण बोट न जाता एकच पेर गेलं तर तर्जनीचे 9, मधल्याचे 7, अनामिकेचे 5. हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर अनामिकेला 2. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर 40. ज्यानं कुणी हे मोजलं त्याच्या हाताची सगळी बोटं जागेवर असणार, त्याशिवाय इतक्या शांतपणे लिहिता येत नाही.

दर समजला की हिशोब सोपा. महिन्याचे 15,000. त्याचे 60 टक्के, 9,000. त्याला वयाचा गुणक. चाळिशीच्या माणसाचा गुणक 184.17, पन्नाशीच्या माणसाचा 153.09, जुन्या ट्रकची किंमत उतरते तशी ही उतरते. आबाचा गुणाकार 16,57,530. अख्खा आबा कायमचा निकामी झाला असता तर एवढे. बोटाचे त्यातले 7 टक्के, म्हणजे 1,16,027. डेमरेजमध्ये सांगायचं तर साडेअठरा तासांहून जरा कमी. पंचवीस मिनिटं वाचवण्यासाठी साडेअठरा तासांचा माल गेला, असं कुणी म्हणेल. ते तेव्हाच, जेव्हा ते पैसे द्यायचे असतील.

आणि द्यायचे कुणाला? या बोटाला आपल्या पूर्वजांनी नावच दिलं नाही, म्हणून ती अनामिका. आमच्या हजेरीत आबाचंही नाव नाही. तिथं लिहिलेलं असतं, 'टोळी नं. 3, माणसं 14'. पैसे मुकादमाच्या हातात, तो वाटतो. एका अनामाची अनामिका गेली तर नोंद कुणाच्या नावानं करायची, हा मला पडलेला प्रामाणिक प्रश्न आहे. कारखाना म्हणतो, साखर आमची, माणसं हुंडेकऱ्याची. हुंडेकरी म्हणतो, काम आमचं, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, माझी कसली माणसं, मी त्यांच्यातलाच एक. रेल्वे म्हणते, वॅगन आमची, बाकी तुमचं तुम्ही बघा. सगळे हात धरून गोल फिरतात आणि फुगडी इतकी वेगात चालते की मध्ये कोण पडलंय ते दिसत नाही.

पोत्याचं बघा. पोत्याला वजन आहे, खूण आहे, रेल्वेची पावती आहे. वाटेत हरवलं किंवा भिजलं तर रेल्वेकडे मागणी करायला सहा महिने मुदत आहे, आणि भांडण पुढं गेलं तर त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. पोतं फाटलं तर तशी नोंद होते आणि मी ती स्वतः करतो. बावीस वर्षांत माझ्या हातून एक फाटकं पोतं सुटलेलं नाही.

1923 च्या कायद्यानं आमच्या फुगडीत काठी घातली आहे. ठेकेदारामार्फत काम करून घेतलं तरी ज्याच्या धंद्याचं ते काम आहे त्याच्याकडून कामगार थेट भरपाई मागू शकतो, आणि त्या धन्यानं ती मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायची. पूर्वी तात्पुरती माणसं तरी कायद्याबाहेर होती. 2000 साली तीही आत घेतली. 'तात्पुरता' हा केवढा सोयीचा शब्द होता! बापलेक दोन्ही पिढ्या त्यात बसायच्या.

महाराष्ट्रात तर 1969 पासूनच बिघडलेलं आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि विधिमंडळानं माथाडी कायदा करून टाकला. त्यात मालकानं मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही द्यायची. मंडळ त्यातून भविष्यनिधी, बोनस, ग्रॅच्युइटी, दवाखाना असं सगळं बघतं. माणसाला नाव, नंबर, ओळखपत्र. भरपाईचा कायदाही त्याच कायद्यानं माथाड्यांना लावला. माथ्यावर ओझं घेणाऱ्याचं नाव कागदावर आणायचं, एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा. आम्ही त्यावर साधा घरगुती तोडगा काढला. टोळी नंबर 1 मंडळाच्या नोंदीत आहे, 2 ते 5 पाहुणे आहेत. पाहुण्यांकडून काम करून घेणं वाईट दिसतं खरं, पण पाहुण्याला लेव्ही नसते. शिवाय माथाड्यांच्या नावावर कारखानदारांकडून खंडणी उकळणारे काही टोळभैरव निघाले, हे आमचं मोठंच भाग्य. त्यांच्याकडे बोट दाखवलं की खऱ्या माथाड्यांचं बोलणंही आपोआप बंद पडतं. (बोट दाखवायला तर्जनी लागते. 14 टक्के.)

आबानं तेव्हा काही मागितलं नव्हतं. तरी पुढची व्यवस्था म्हणून मी स्टॅम्प पेपर करून घेतला. 'मला सर्व भरपाई मिळाली असून माझी कसलीही तक्रार नाही.' शेठनी त्याबद्दल पाच हजार रोख दिले, शंभराच्या नोटांत, म्हणजे गड्डी जाड दिसते. त्या वेळी शंभराचा स्टॅम्प चालत होता. ऑक्टोबरात सरकारनं तो 500 चा केला. बोट वेळेत गेलं म्हणायचं. उजवा हात फडक्यात होता, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. अंगठ्याचा दर एवढा का ठेवलाय ते त्या दिवशी मला उमगलं. नंतर एका वकिलांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून सांगितलं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्याखाली मुळातच रद्दबातल असतो, आणि तडजोड करायची तर ती आयुक्ताकडे नोंदवावी लागते. मी म्हटलं, मग शंभर रुपये वाया गेले? ते म्हणाले, पाच हजार शंभर.

त्यांनाच मी आमचा हुकमी एक्काही विचारून घेतला. माणूस प्यालेला होता असं सांगितलं तर? आबा वारकरी, गळ्यात माळ, पण ते राहू दे. कायद्यात ही सबब आहे. दारूच्या अमलाखाली अपघात झाला तर भरपाई नाही. वाचून मन भरून आलं होतं. पण पुढं अट अशी की माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर ही सबब चालत नाही. म्हणजे पाऊस वाढला की छत्री मिटवून ठेवायची! दुसरी सबब, सुरक्षेचा नियम त्यानं जाणूनबुजून मोडला. तीही आहे, पण त्यासाठी आधी नियम स्पष्टपणे सांगितलेला असावा लागतो. आमच्याकडे नियमच नाही. "केला असता तर यांनी तो मोडलाच असता," असा युक्तिवाद मी मांडून पाहिला. वकील साहेबांनी चहा मागवला.

चहाबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकवली, तेव्हापासून माझी झोप कमी झाली आहे. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढं एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर गेला होता. दरपत्रक बघून हाताचे ठरलेले टक्के द्यायचे, विषय संपला, असं कुणालाही वाटेल. पण त्याला पूर्ण निकामी धरणं योग्यच ठरवलं गेलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. आणि भरपाईचं देणं अपघाताच्या दिवसापासूनच लागू होतं, निकालाच्या दिवसापासून नाही, हेही त्यात आलं. आता असल्या न्यायानं हमालाच्या कमरेचं काय करायचं? कंबर दरपत्रकात नाही. जे दरपत्रकात नाही त्याचे टक्के डॉक्टरनं ठरवायचे, तो माणूस किती कमावू शकेल ते बघून. आमच्या धक्क्यावर कंबर गेलेले किती आहेत ते मी मोजलेलं नाही. सुदैवानं कंबर एका दिवसात जात नाही. रोज थोडी थोडी जाते, त्यामुळे तिला तारीख नसते, आणि तारीख नसेल तर अपघात कसला? ती म्हातारपणात जमा होते.

यावर मी माझ्या परीनं एक सूचनाही तयार केली होती. रेल्वेच्या कायद्यात प्रवासी गाडीतून पडून मेला तर वारसांना आठ लाख मिळतात, आणि तिथं प्रवासी या शब्दात प्लॅटफॉर्म तिकीटवालाही मोडतो. हमालांनी पोतं उचलण्याआधी प्लॅटफॉर्म तिकीट काढावं, म्हणजे आमच्यावरचा भार हलका होईल. वकिलांनी सांगितलं की गाडी प्रवाशांची असावी लागते. साखर प्रवासी नाही. नाहीतर सूचना वाईट नव्हती.

2025 च्या 21 नोव्हेंबरला नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1923 चा कायदा सामाजिक सुरक्षेच्या संहितेत विरून गेला असं पेपरात आलं. मी धडधडत्या छातीनं नवी जोडपत्रं उघडली. बोटांची यादी तशीच आहे. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही आता काही अटींवर कामाचाच धरायचा, एवढी नवी भर दिसली. म्हणजे आता 'घरच्या दारात' लिहितानासुद्धा जपून लिहावं लागणार.

मार्चमध्ये आबाची नोटीस आली. बोट जाऊन एक वर्ष नऊ महिने झाले होते. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मला संशय टोळी नंबर 1 मधल्या ओळखपत्रवाल्यांचा आहे. नोटिशीत 1,16,027 रुपये मागितले आहेत. महिन्याच्या आत द्यायचे होते ते दिले नाहीत म्हणून वर्षाला 12 टक्के व्याज, म्हणजे 13,923, आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. औषधोपचाराचे 1,850 वेगळे. अण्णा मुकादमांनी नोटीस उलटीसुलटी करून पाहिली आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, पण ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही.

शेठ निर्धास्त होते. हजेरीत नाव नाही, दवाखान्याच्या कागदावर घरचं दार, साक्षीला येणार कोण? त्यांनी मला जोडलेले कागद वाचायला सांगितले. दहा चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स होत्या. आबानं त्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या असणार, कारण एकीलाही घडी नव्हती. तपशिलात मी नेहमी कारण लिहितो, नाहीतर वर्षअखेरीस ताळा लागत नाही. प्रत्येकीवर पूर्ण नाव, टोळी नं. 3, तारीख, '185 रु. कपात, दवाखाना, उ. हात अनामिका, साखर रॅक, वॅगन 31 दार', आणि खाली सही. अक्षर माझंच आहे.